सहा नंबरचा बाटला

रसेल हॉबगुडला दोन गोष्टी कितीही दिल्या तरी पुरत नसत: गार बिअर आणि दुसऱ्याची टर उडवायची संधी. पश्चिम टेक्सासमधल्या त्या हवाई तळावर तो बावीस वर्षं मालवाहू विमानांची देखभाल करत होता. बाहीवर मास्टर सार्जंटच्या पट्ट्या होत्या, नोव्हेंबरात निवृत्ती होती, आणि जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. एक विमानाला हात लावणारे, दुसरे कागदाला हात लावणारे. दुसऱ्या प्रकाराला तो माणसांत धरत नसे.

खरं सांगायचं तर कागदवाल्यांनी त्याची तशी चोख सोय करून ठेवली होती. तळाचा सुरक्षा अधिकारी कॅप्टन किंबल हा त्यांचा म्होरक्या. वय सत्तावीस, नखांत कधी ग्रीसचा डाग नाही. त्यानं दोन वर्षांपूर्वी जोखीम पत्रक नावाचं प्रकरण आणलं. रोज सकाळी टोळीच्या प्रमुखानं बारा रकाने भरायचे. ऊन किती, वारा किती, माणसं किती तास झोपली, हत्यारं पुरी आहेत का, आणि असंच काय काय. प्रत्येकाला गुण. बेरीज कमी आली तर पत्रक हिरवं, मधली आली तर पिवळं, जास्त आली तर लाल. पिवळ्याला किंबलची सही लागे, लाल असेल तर कर्नलची. सह्यांसाठी खेटे कोण घालणार? दोन वर्षांत हिरव्याशिवाय दुसऱ्या रंगाचं एकही पत्रक निघालं नव्हतं. किंबल त्याचा आलेख काढून भिंतीवर लावायचा आणि तळ किती सुरक्षित झालाय ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

त्या जूनमध्ये चाकांवरचे मोठे अग्निशामक बाटले भरायला कंत्राटदाराकडे गेले आणि महिना झाला तरी परत आले नाहीत. विमान उभं करायच्या प्रत्येक जागेपाशी एकेक पंधरा पौंडी हातबाटला तेवढा उरला. जोखीम वाढली हे किंबललाही नाकारता येईना. मग त्यानं डोकं लढवून पत्रकावर नवा रकाना छापला. ‘मोठा बाटला उपलब्ध नाही: चार गुण. उपाय, कर्मचाऱ्यांची जागरूकता वाढवली: वजा चार गुण.’ बेरीज शून्य. पत्रक पुन्हा हिरवंगार.

"झालं की काम!" हॉबगुड टोळीच्या शेडमध्ये ते पत्रक नाचवत म्हणाला. "आता आग लागली तर घाबरायचं नाही. रांगेत उभे राहा आणि सगळे मिळून जागरूक व्हा."

टोळी पोट धरून हसली. हॉबगुड ही पत्रकं रोज भरतच नसे. एक तारखेला बसून तो महिन्याची सगळी भरून टाकी. ऊन, वारा, झोप, सगळं आगाऊ. "कागदाला काय कळतंय आज वारा आहे की नाही," असं त्याचं म्हणणं. त्याला तो आपला बाणेदारपणा वाटे. किंबल कागदी घोडे नाचवत होता हे खरं, पण त्या घोड्यांना दाणावैरण हॉबगुडच घालत होता, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

किंबलची टर उडवायला निदान थोडी हिंमत लागे, कारण तो अधिकारी होता. ऑर्व्हिल डुशेनची टर मात्र फुकटात होती. हा अडुसष्ट वर्षांचा म्हातारा, साधा नागरी नोकर. कुंपणाकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाटले भरणं, दुरुस्त करणं हे त्याचं काम. कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्याला दाब दाखवणारा काटा नसतो. आत गॅस आहे की नाही ते बघून कळत नाही, वजनच करावं लागतं. नियमानं ते सहा महिन्यांतून एकदा करायचं. ऑर्व्हिल दर महिन्याला करायचा. हातगाडीवर वजनकाटा घालून, शंभर फॅरनहाइटच्या वरच्या उन्हात धापा टाकत तो एकेक जागा फिरायचा, आणि शर्टाच्या खिशातल्या वहीत पेन्सिलीनं आकडे मांडायचा.

हॉबगुडनं त्याचं नाव ठेवलं होतं तोळामासा. सहा वर्षांत ते इतकं रुजलं की नव्यानं आलेल्यांना म्हाताऱ्याचं खरं नाव ठाऊकच नसे.

"काय तोळामासा, आज किती गुंजा कमी भरल्या?"

"वजन करतो, मग सांगतो," ऑर्व्हिल म्हणायचा. तो हसायचा नाही आणि चिडायचाही नाही. हॉबगुडला खटकायचं ते हेच.

आता त्या तळावरची एक जुनी रीत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. पाळी दुपारी तीनला सुटायची. तेव्हा डांबरावर अंडं तळून निघेल असं ऊन, आणि गाडीतून आणलेली बिअर कोमट. अशा वेळी कॅन पत्र्याच्या पिंपात रचायचे, वर झाकण, झाकणाच्या फटीतून कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्याचं नळकांडं आत, आणि दाबायचं. पांढरा धूर, मोठा आवाज, आणि दोन मिनिटांत कॅनवर बर्फ. मग बाटल्याची पिन परत घालायची, टेबलाच्या खणातून नवं प्लास्टिकचं सील काढून अडकवायचं, बाटला जागेवर. महिन्याच्या तपासणीत सील पाहतात, पिन पाहतात, चिठ्ठीवर आद्याक्षरं मारतात. बाटला काही चहाडी करत नाही.

एका गुरुवारी टोळीत कुणाचा तरी वाढदिवस होता. दोन डझन कॅन निघाले. सहा नंबरच्या जागेवरचा बाटला जवळ होता, तो आणला. दाबलं हॉबगुडनं स्वतः, कारण हा मान त्याचा. नवं सीलही त्यानंच लावलं. टोळीतली एकच व्यक्ती तिथं नव्हती, मरिबेल ओचोआ. बावीस वर्षांची, लरेडोची मुलगी, दीड वर्षापूर्वी तळावर आलेली. तिला सप्टेंबरात अर्कान्सामधल्या शाळेत लोडमास्टरच्या, म्हणजे उडत्या विमानातला माल सांभाळणाऱ्याच्या, शिक्षणाला जायचं होतं. खाली उभं राहून विमानं पाठवण्याऐवजी स्वतः विमानातून उडायचं. त्यासाठी ती पाळी सुटली की गणिताच्या शिकवणीला पळायची. त्या जागेसाठी तिनं तीनदा अर्ज केला होता आणि तिसऱ्यांदा नाव लागलं होतं. तिच्या आईनं लरेडोत शेजारपाजाऱ्यांना पेढे वाटावेत तसे मक्याच्या पिठाचे तमाले वाटले होते.

सोमवारी दुपारी चारला, पाळी सुटून सगळे गेल्यावर, ऑर्व्हिल काटा ढकलत आला. सहा नंबरचा बाटला त्यानं तोलला, पुन्हा तोलला, आणि त्याच्या मुठीला तारेनं लाल चिठ्ठी बांधली. बदली बाटला शेडमध्ये तयार नव्हता. तो सकाळी साडेसातला घेऊन येणार होता.

मंगळवारी सकाळी सहाला हॉबगुड आला तेव्हा त्याला ती चिठ्ठी दिसली.

सातला त्या जागेवरून विमान सुटायचं होतं, आणि त्यात खुद्द कर्नल स्टॅनफिल बसणार होत्या, तळाच्या प्रमुख. विमानाचं इंजिन सुरू करायचं तर आगीच्या पहाऱ्याला माणूस आणि हाताशी बाटला लागतोच. म्हाताऱ्याची शेड उघडणार साडेसातला. दुसऱ्या जागेवरचा बाटला उचलायचा तर तीन सह्यांचा कागद. हॉबगुडनं एक सुस्कारा सोडला. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते त्यानं वाचलं नाही. तोळामासाची चिठ्ठी कोण वाचतो! पाव पौंड कमी भरला असेल, म्हातारा लाल कागद घेऊन धावला असेल. दोन बोटांत धरून त्यानं मनगटाला एक हिसका दिला, चिठ्ठी फाटून हातात आली, ती खिशात. गुरुवारची बिअर आठवली नाही असं नाही. आठवली, आणि ‘थोडा गॅस असेलच की’ म्हणून त्यानं ती आठवण बाजूला सारली. मग एक तारखेला भरून ठेवलेलं त्या दिवसाचं पत्रक त्यानं फळ्याला अडकवलं. हिरवं.

पावणेसातला आग लागली. विमानाला सुरुवातीची वीज देणारा जनरेटर गाडा डाव्या पंखाखाली उभा होता. त्याची डिझेलची नळी फुटली आणि गाड्यानं पेट घेतला. पंखात इंधन गच्च भरलेलं. पहाऱ्यावर ओचोआ होती. तिनं बाटला उचलला, पिन ओढली, दोन पावलांवर जाऊन नळकांडं रोखलं आणि दाबलं.

बाटला एकदा खोकला आणि गप्प झाला.

तिनं पुन्हा दाबलं. काही नाही. ज्वाळा पंखाच्या पोटाला लागत होत्या. तिनं बाटला फेकला, विमानात खोचलेली जाड तार उपसून काढली, गाड्याचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि तो जळता गाडा एकटीनं वीस पावलं मागं ओढत नेला. दांडा तापून निघाला होता. अग्निशमनची गाडी आली तेव्हा ती जमिनीवर बसली होती, हात पुढं धरून, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. विमान वाचलं. विमानातली अकरा माणसं वाचली, त्यांत कर्नलही. हॉबगुड विमानाच्या नाकाशी उभा होता. त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं पाहिलं. बाटला खोकला ते त्याला एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी त्यानं ते ऐकलं.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यानं खिशातली चिठ्ठी परसातल्या मांस भाजायच्या शेगडीत जाळली. तेव्हाही वाचली नाही.

चौकशी तीन आठवड्यांनी बसली, थंडगार खोलीत, पाण्याचे ग्लास मांडून. मध्यभागी कर्नल स्टॅनफिल, शेजारी कॅप्टन किंबल. समोर ओचोआ, दोन्ही हात मनगटापर्यंत पट्ट्यांत.

"पत्रक हिरवं होतं," किंबलनं सुरुवात केली. "बाटल्याला सील होतं, मासिक तपासणीची सही होती. म्हणजे बाटला भरलेला होता. आगीनंतर तो रिकामा सापडला. म्हणजे एअरमन ओचोआनं तो लांबून, घाईघाईनं रिकामा केला, घाबरून फेकून दिला, आणि जळत्या यंत्राला उघड्या हातांनी स्पर्श केला. तीन नियमांचा भंग."

"मी दोन पावलांवर होते, साहेब. त्यातून काही आलंच नाही."

"रिकामा सापडला ना? मग गॅस गेला कुठे?"

असल्या तर्कापुढं कोण काय बोलणार. उंटावरच्या शहाण्याला उंटावरून उतरवता येत नाही.

मग ऑर्व्हिलला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. वही काढून त्यानं चष्मा लावला. "सोमवार, दुपारी चार. सहा नंबर. पंधरा पौंडांपैकी गॅस पाऊण पौंड. लाल चिठ्ठी लावली. सकाळी बदलणार."

"चिठ्ठी कुठाय?" किंबलनं विचारलं.

"ते मला काय माहीत? मी लावली. कुणीतरी काढली."

"आणि ही नोंद पेन्सिलीनं आहे. सोमवारी लिहिता येते तशी बुधवारीही लिहिता येते."

मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी हळूच म्हणालं, "तोळामासा." दोघंतिघं फिसकन हसले. किंबलच्या ओठांचा कोपरा हलला. कर्नलबाईंनीही ग्लास तोंडाला लावला. म्हाताऱ्यानं चष्मा काढून मिटला. सहा वर्षं एकाच माणसाची टिंगल केली की त्याची साक्ष देण्याची लायकीसुद्धा संपते, आणि ती संपवायला कुणाला एक शब्द खोटा बोलावा लागत नाही.

पण हॉबगुडला बोलावा लागला.

"मास्टर सार्जंट," कर्नल म्हणाल्या, "तू सहापासून तिथं होतास. बाटल्याला लाल चिठ्ठी होती?"

त्याच्या डोळ्यांपुढं बाहीवरच्या पट्ट्या आल्या, निवृत्तिवेतन आलं, बायको नेड्रानं पसंत केलेलं तळ्याकाठचं घर आलं. ओचोआ त्याच्याकडं बघत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. सार्ज आपल्या बाजूनं बोलतील एवढीच आशा तिच्या तोंडावर होती.

"नव्हती, मॅडम," तो म्हणाला. आणि जीभ सरावलेली, म्हणून पुढंही म्हणाला, "म्हाताऱ्याचं वय झालंय. उन्हात फिरतो बिचारा. होतो घोटाळा."

या वेळी सगळेच मोकळेपणानं हसले.

ओचोआची अर्कान्सामधली जागा गेली. दोन वर्षं उड्डाणाच्या कुठल्याही कामाला अर्ज करायची बंदी. आणि तळावरचं टाकाऊ काम म्हणून तिची रवानगी झाली ऑर्व्हिलच्या शेडमध्ये. किंबलनं सूचनाफलकावर नवं चित्र लावलं: आगीपासून लांब उभी राहून बाटला उडवणारी एक मुलगी, आणि तिच्यावर लाल फुली.

जायच्या आदल्या दिवशी ती हॉबगुडकडं आली. "सार्ज, एक काम होतं. वरती अपील करायचंय. टोळीप्रमुखाचं पत्र असलं तर बघतात म्हणे. तुमचा शब्द मानतात सगळे."

त्यानं पत्र लिहिलं. ‘मुलगी मेहनती आहे. प्रसंगच मोठा होता, अनुभव कमी पडला.’ तिनं ते वाचलं. हाताच्या पट्ट्यांमुळं तिला कागद नीट धरता येत नव्हता.

"थँक यू, सार्ज," ती म्हणाली. "खरंच."

अपील अर्थातच फेटाळलं गेलं. अशा पत्रावर दुसरं काय होणार. हॉबगुडला त्या रात्री झोप लागली नाही, पण स्वतःची घृणा करण्याची त्याला सवयच नव्हती. ती घृणा वाट चुकून तिच्यावर गेली. आभार कसले मानतेस, मूर्ख पोरी? असा त्याला राग येऊ लागला. आपण ज्याचं वाईट केलं त्याचाच तिटकारा करणं सोपं असतं. ती समोरून येताना दिसली की तो रस्ता बदलायला लागला. कोमट बिअर मुकाट्यानं प्यायला लागला. टोळीला वाटलं, निवृत्ती जवळ आल्यानं सार्ज हळवे झालेत.

नोव्हेंबरातल्या शुक्रवारी दुपारी त्याचा निरोपसमारंभ झाला. हँगरमध्ये लांब टेबलं, बारा तास धुरावर शिजवलेलं गोमांस, घेवड्याची उसळ, मक्याचे पाव, निळ्या साईचा केक. साठ-पासष्ट माणसं. नेड्रा नव्या पोशाखात पुढं बसली होती, तिच्या शेजारी कर्नल स्टॅनफिल, त्यांच्या पलीकडं किंबल. जाणाऱ्याला तळावरची एखादी बाद झालेली वस्तू घासूनपुसून, लाकडी बैठकीवर बसवून द्यायची अशी तिथली पद्धत. कुणाला जुना पाना मिळे, कुणाला प्रॉपेलरचं पातं. टोळीनं हॉबगुडसाठी काय निवडलं ते त्याला सांगितलं नव्हतं.

टाळ्या पडल्या. दारातून ओचोआ आली. दोन्ही हातांत चकचकीत, आरशासारखा उजळवलेला एक बाटला. अंगावर कोरलेलं: सहा. मागं ऑर्व्हिल, त्याच इस्त्रीच्या शर्टात. बाटल्याच्या मुठीला तारेनं एक नवी करकरीत लाल चिठ्ठी बांधली होती.

चिठ्ठी दिसताच हँगर हसण्यानं दणाणला. "तोळामासानं जाता जाता सार्जलासुद्धा बाद केलं!" कुणीतरी ओरडलं. "वजन केलं का रे सार्जचं?" दुसरा म्हणाला.

ओचोआनं बाटला त्याच्या हातात दिला. तिच्या तळव्यांची कातडी गुलाबी आणि ताणलेली होती. "आम्ही शेडमध्येच उजळवला, सार्ज," ती म्हणाली. "चिठ्ठी वाचा."

सगळे त्याच्याकडं बघत होते. काहीतरी फर्मास विनोद येणार म्हणून टोळी पुढं सरसावली होती. हात बावीस वर्षांच्या सवयीचे. चिठ्ठी त्यानं दोन बोटांत धरली, मनगटाला एक हिसका दिला, चिठ्ठी फाटून हातात आली आणि खिशात गेली.

"तोळामासाची चिठ्ठी कोण वाचतो!" तो म्हणाला.

हशा उसळला आणि मग विझत गेला, कारण पुढच्या टेबलावर कर्नल स्टॅनफिल उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या जवळ आल्या. बाटल्याच्या मुठीवर तार तशीच होती, तारेत धातूची कडी, आणि कडीभोवती फाटलेल्या लाल पुठ्ठ्याचा एक तिरपा तुकडा. कर्नलनी स्वतःच्या खिशातून एक पाकीट काढलं. त्यातून निघाली तशीच तार, तशीच कडी, तसाच तिरपा तुकडा. जुना, काजळी लागलेला. त्यांनी तो बाटल्याच्या मुठीवर, नव्याच्या शेजारी ठेवला.

"हा आज सकाळी मिस्टर डुशेन घेऊन आले," त्या म्हणाल्या. "हा बाटला उजळवायला खोलला तेव्हा ओचोआला नळकांड्याच्या पकडीमागं अडकलेला सापडला. मी त्यांना म्हटलं, यावरून चिठ्ठी होती एवढं कळतं, कुणी फाडली ते कळत नाही." त्यांनी दोन्ही तुकड्यांच्या सारख्याच फाटलेल्या कडांवर बोट ठेवलं. "खिशातली बाहेर काढ. आणि वाच."

हॉबगुडनं चिठ्ठी काढली. वरच्या ओळीत म्हाताऱ्याचं पेन्सिलीचं बारीक अक्षर होतं: ‘सहा नंबर. गॅस पाऊण पौंड.’ तीच जुलैतली नोंद. खाली मोठ्या, वाकड्या अक्षरात ओचोआनं लिहिलं होतं. बोटं अजून नीट वळत नसावीत.

‘सार्ज, ही फाडू नका. कुणी फाडली असेल ते मला कळलंय. आज तुम्हीच सांगा, सगळ्यांसमोर, म्हणजे तुमचं तुम्ही सांगितल्यासारखं होईल. मी कुणाला सांगणार नाही. मी थांबेन.’

"मोठ्यानं," कर्नल म्हणाल्या.

त्यानं मोठ्यानं वाचलं. पहिल्या टेबलावर नेड्रानं तोंडावर हात धरला. किंबल केकच्या ताटलीकडं बघत बसला होता. टोळीतल्या कुणाचीही नजर वर नव्हती. त्या गुरुवारची बिअर त्यांनीही प्यायली होती.

"मीच फाडली," हॉबगुड म्हणाला. "बिअर गार करायला बाटला रिकामा केला, तोही मीच. हिनं काही चुकीचं केलं नाही." मग त्याला आठवलं की अजून एक बाकी आहे, आणि सहा वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं ते नाव त्याला चाचपडत शोधावं लागलं. "मिस्टर डुशेन खरं सांगत होते."

ऑर्व्हिल पुढं आला. रागावलेला दिसत नव्हता. सहा वर्षं हॉबगुड त्याच्याकडं ज्या नजरेनं बघायचा तशा नजरेनं तो हॉबगुडकडं बघत होता, आणि त्या नजरेखाली कसं वाटतं ते हॉबगुडला पहिल्यांदा कळलं. म्हाताऱ्यानं त्याच्या हातातून बाटला काढून घेतला.

"फाडणार तू, हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मी हिला म्हटलंही, पोरी, लिहिण्यात वेळ घालवू नकोस, तो वाचत नाही. ही म्हणाली, एकदा लिहून बघते."

मग त्यानं बाटला काखेत धरला, खिशातून वही काढली, जुलैतली सहा नंबरची नोंद उघडली आणि पेन्सिलीला थुंकी लावून ओचोआला तारीख विचारली.